भयकथेला ओसाड वाडा लागतोच, हा गैरसमज

किशोरांच्या भयकथेला ओसाड वाडा, अमावस्या आणि सुट्टीत गावी आलेली शहरी पोरं हवीतच, हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. मुलं आपल्याच गावातल्या दुष्ट शक्तीला भिडतात, तेव्हा भीती वाटते ती ओळखीची जागा बिघडल्यामुळे. अनोळखी वाड्यात बिघडण्यासारखं काही नसतंच.

सोलापूरच घ्या. पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट सतत कानावर असतो. पहिल्या दोन प्रकरणांत तो वाचकाच्या अंगवळणी पडू द्या. तिसऱ्यात, वीज असताना, एका बोळातले सगळे माग एकाच क्षणी थांबवा. वेळ मे महिन्यातल्या दुपारची ठेवा, चाळीस अंशांपुढच्या उन्हात रस्ते तसेही सुने असतात. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची जत्रा, तर फारच सोयीची: मोठी माणसं नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत, म्हणून मुलं एकटी. हे कारण पटतं. ‘पोलिसांनी विश्वास ठेवला नाही’ हे वापरून वापरून झिजलंय.

बहुतेक कथा कोसळतात त्या मात्र पुढे, कारण भुताला नियमच नसतो. ते कुठे येऊ शकतं, कशाला अडतं, हे पहिल्या तृतीयांशात वाचकाला दाखवा. शेवटी मुलांनी तोच नियम वापरून जिंकावं आणि त्यासाठी काहीतरी खरोखर गमवावं. मांत्रिक आणलात की मुलं नुसती प्रेक्षक होतात. आणि मोबाइलची रेंज घालवू नका. फोन लागू द्या, पलीकडून आईच्याच आवाजात चुकीचं उत्तर येऊ द्या.