ताटातलं ग्लुटामेट, मेंदूतलं ग्लुटामेट

रात्री गाडीवरचं चायनीज खाल्लं की झोप लागत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खापर फुटतं आजिनोमोटोवर. त्यातलं ग्लुटामेट 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. लालबुंद टोमॅटोचं सार तोंडात रेंगाळतं ते बरंचसं याच ग्लुटामेटमुळे. आईच्या दुधातही ते असतं.

मग भीती कशाची? ग्लुटामेट हा मेंदूला जागं ठेवणारा मुख्य संदेशवाहक. आणि मेंदूला शांत करणारा ‘गाबा’ हा संदेशवाहकही त्याच्यापासूनच बनतो, बी-6 जीवनसत्त्वाच्या मदतीने. त्यामुळे ‘ग्लुटामेट कमी खा, शांत झोपा’ हे चटकन पटतं. पण ताट आणि मेंदू यांच्यामध्ये दोन नाकी आहेत. खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात उरतं त्यालाही मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत सहसा आत येऊ देत नाही. मेंदू आपल्याला लागणारं ग्लुटामेट स्वतःच तयार करतो. 1969 मध्ये ग्लुटामेटमुळे उंदरांच्या मेंदूला इजा झालेली दिसली खरी, पण ती नवजात पिल्लं होती आणि त्यांना मोठे डोस इंजेक्शनने दिले होते.

तरीही विषय इथे मिटत नाही. आखाती युद्धानंतर वर्षानुवर्षं दुखणी सोसणाऱ्या 40 अमेरिकी सैनिकांना संशोधक कॅथलीन होल्टन यांच्या गटाने महिनाभर कमी ग्लुटामेटचा आहार दिला. दुखणं आणि इतर लक्षणं बरीच कमी झाली. नंतर त्यांना नकळत कधी ग्लुटामेट, कधी नुसती भुकटी दिली, तेव्हा मात्र चित्र माणसागणिक बदललं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. कारण असा आहार म्हणजे पाकिटातलं बंद आणि ताजं जास्त. मग गुण नेमका कशाचा?

नूडल्सच्या मसाल्याची पुडी उलटून बघा: 621 (म्हणजेच आजिनोमोटो), 627 आणि 631 (उमामी चव वाढवणारे त्याचे जोडीदार), आणि भरपूर मीठ. रात्रीच्या जेवणातून दोन आठवडे हे काढा, झोपेची वेळ वहीत लिहा. मग एका रात्री घरचं टोमॅटोचं सार प्या. त्यानेही झोप उडाली तर ग्लुटामेटवर संशय घ्या. नाही उडाली तर मीठ, तेल आणि उशिरा जेवणं आधी तपासा. आणि नैराश्याच्या गोळ्या सुरू असतील तर झोप सुधारली म्हणून त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.