केबल-मांडणी, घरगुती स्टुडिओतील

घरच्या ध्वनिमुद्रण-खोलीत माइक, वाद्ये, ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) आणि स्पीकर जोडणाऱ्या तारांचे मार्ग, लांबी व खुणा ठरवण्याची पद्धत. खोली नीटनेटकी दिसते हा त्यातला दुय्यम लाभ. खरे काम वीजपुरवठ्याची गुणगुण आवाजाबाहेर ठेवण्याचे.

तंबोरे-सतारींच्या मिरजेत हा प्रश्न विशेष बोचतो. भारतातील वीज 50 हर्ट्‌झची असल्याने गुणगुण 50 आणि तिच्या दुपटीवर, 100 हर्ट्‌झवर उमटते. पांढरी पाचमध्ये (पेटीची पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 98 हर्ट्‌झवर लागते. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन विस्पंदे, म्हणजे आवाजाचे चढउतार, पडतात आणि सुरात लागलेला तंबोराही डोलू लागतो. वादक खुंटी पिळत बसतो; दोष असतो कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शन बोर्डाशी गुंतलेल्या केबलीत.

माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर केबल वापरतात. तिच्यातील दोन तारांतून एकच सिग्नल परस्परविरुद्ध जातो, तिसरी जोडणी शिल्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्ही तारांत सारखीच येते. पलीकडे त्यांची वजाबाकी झाली की ती गळते. गिटार वा कीबोर्डच्या साध्या जॅक-केबलीत ही सोय नाही, म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवावी. विजेच्या वायरी भिंतीच्या एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात; ओलांडणे अटळ असेल तर काटकोनात.

तरीही गुणगुण राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. ती थांबली तर घोळ बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने बनलेल्या वेढ्याचा. मग सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा तोडगा अनेक जण सुचवतात. त्याने गुणगुण जातेही, पण उपकरणात बिघाड झाला तर शॉक माइक धरणाऱ्याला बसू शकतो.

खुणेची चिठ्ठी केबलीच्या दोन्ही टोकांना हवी. एकाच टोकाला लावलेली चिठ्ठी टेबलाखाली वाकलेल्याच्या उपयोगी पडत नाही. कृष्णेच्या पूररेषेत घर असेल तर जोडण्यांची पट्टी जमिनीलगत बसवू नये. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिले आहेत.

केबल कोपरावर गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो. जाणकार एक वेढा सुलटा, पुढचा उलटा घेतात आणि वर वेल्क्रोची पट्टी सैलसर बांधतात.