मायनर लीगचं कार्ड म्हणजे रद्दी?

बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी कार्डं, जमवणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मोल फक्त मेजर लीगच्या (अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीच्या) कार्डांना, मायनर लीगची (त्याखालच्या पातळीची) म्हणजे रद्दी. हे साफ चूक आहे. १९१४ साली ‘बाल्टिमोर न्यूज’ या वृत्तपत्राने स्थानिक ओरिओल्स संघाची कार्डं काढली. हा संघ मायनर लीगचा. आजच्या ओरिओल्सशी गल्लत करू नका. त्यात एकोणीस वर्षांचा एक पिचर (चेंडू फेकणारा) होता, पुढे बेसबॉलचा दिग्गज ठरलेला बेब रूथ! त्याच वर्षी जुलैत मेजर लीगच्या बोस्टन रेड सॉक्स संघाने त्याला विकत घेतलं. कार्डाच्या मागे सामन्यांचं वेळापत्रक छापलेलं. मोसम संपल्यावर ते कोण जपणार? बहुधा म्हणूनच आज जेमतेम दहाएक प्रती ठाऊक आहेत. त्यातली एक डिसेंबर २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरला विकली गेली.