शियोंचा किल्ला

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातील मध्ययुगीन जलदुर्ग आणि एकेकाळचा तुरुंग. इंग्रजी वळणाने त्याला ‘चिलॉन’ही म्हणतात. जिनीव्हा सरोवराच्या पूर्व टोकाशी, काठालगतच्या खडकावर तो उभा आहे. मधली पाण्याची चिंचोळी पट्टी हाच त्याचा खंदक. डोंगर आणि सरोवर यांच्यामध्ये इथे जेमतेम रस्त्यापुरती जागा उरते. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीला जाणारी वाट हीच, म्हणजे किल्ला ज्याचा, जकातही त्याचीच. ११५० च्या लेखात तो सव्हॉय या आल्प्स भागातील सत्ताधारी घराण्याकडे असल्याचा उल्लेख आहे. डोंगराच्या अंगाला तटबुरूज, पाण्याच्या अंगाला राजघराण्याची दालने, अशी त्याची दोन रूपे आहेत.

त्याच दालनांखाली तेराव्या शतकातली कमानदार तळघरे आहेत. कोठार म्हणून बांधलेल्या या जागेतच पुढे कैदी ठेवले गेले. फ्रांस्वा बोनिव्हार हा जिनीव्हातील मठाधिपती सव्हॉयच्या ड्यूकला विरोध केल्यामुळे १५३० मध्ये पकडला गेला. पहिली दोन वर्षे बरी गेली. पुढची चार त्याने खांबाला साखळदंडाने बांधलेल्या अवस्थेत काढली. १५३६ मध्ये बर्न या स्विस नगरराज्याच्या सैन्याने किल्ला घेतला आणि बोनिव्हार सुटला. पुढे त्याने जिनीव्हाची बखर लिहिली, चार लग्ने केली आणि १५७० मध्ये तो वारला. साखळीच्या लांबीएवढ्याच येरझाऱ्या घालून त्याने फरशी झिजवली, असे सांगतात. ती दंतकथाच समजावी.

किल्ल्याला जगभर नाव मिळाले ते कवी बायरनमुळे. १८१६ मध्ये तो आपला कविमित्र शेली याच्याबरोबर इथे आला आणि थोड्याच दिवसांत त्याने या कैद्यावर दीर्घकाव्य लिहिले. त्यातला कैदी आणि डोळ्यांदेखत मरणारे त्याचे भाऊ बव्हंशी कल्पित आहेत. तरी पर्यटक तळघरातल्या तिसऱ्या खांबाशीच गर्दी करतात, कारण तिथे बायरनची म्हणून दाखवली जाणारी, काचेखाली जपलेली सही आहे.

या गर्दीत १३४८ मागे पडते. प्लेगच्या साथीत विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन ज्यूंना इथे डांबले, त्यांचे हाल केले आणि कबुलीजबाब वदवून घेतले. ते जबाब स्ट्रासबर्ग शहराला धाडण्यात आले. १३४९ च्या फेब्रुवारीत तिथल्या ज्यूंना जाळण्यात आले.

माँत्रो या जवळच्या गावाहून काठाकाठाने चालत पाऊण तासात किल्ला गाठता येतो; बोट आणि रेल्वेही आहे. तळघरात ऊन्हाच्या वेळी उतरावे. अरुंद झरोक्यांतून सरोवराचा उजेड उलटा वर येतो आणि दगडी कमानींवर पाण्याच्या लाटा हलताना दिसतात.