अभिमन्यू शिकला कुठे? गर्भात की द्वारकेत?

नाशिकमध्ये गर्भसंस्कार वर्गांच्या जाहिरातींत अभिमन्यूचे नाव हटकून येते. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह भेदण्याची विद्या ऐकली, पण मध्येच आईचा डोळा लागला आणि बाहेर पडण्याची युक्ती ऐकायची राहिली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्या आधारे गरोदर स्त्रियांकडून शुल्क घेतले जाते, तेव्हा ती कसोटीवर घासून पाहायलाच हवी.

शेवटच्या तिमाहीत गर्भाला ऐकू येते, हे खरे आहे. 1986 साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गरोदर स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे एकच उतारा रोज मोठ्याने वाचायला सांगितला. जन्मानंतर त्या बाळांनी चोखण्याच्या लयीत बदल करून तोच उतारा अधिक पसंत असल्याचे दाखवले, अगदी तो दुसऱ्या बाईच्या आवाजात असला तरी. मात्र पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून जाताना उच्च वारंवारतेचे ध्वनी क्षीण होतात, त्यामुळे आत पोहोचतात ते मुख्यतः आवाजाचे चढउतार आणि लय. जिथे शब्दांचा अर्थच पोहोचत नाही, तिथे सैन्यरचनेचा आराखडा काय पोहोचणार?

खुद्द महाभारत या बाबतीत अधिक वास्तववादी आहे. द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला सांगतो, की व्यूह भेदण्याचा उपाय मला वडिलांनी शिकवला आहे, पण संकट ओढवले तर बाहेर पडणे मला जमणार नाही. वनपर्वात तर पांडव वनवासात असताना द्वारकेत प्रद्युम्न त्याला शस्त्रास्त्रांचे शिक्षण देतो आणि अभिमन्यू स्वतः द्रौपदीच्या मुलांना शिकवतो, असे वर्णन आहे.

आता व्यूह ओळखणे म्हणजे मेंदूत नेमके काय घडणे, हे पाहू. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातील पट केवळ पाच सेकंद दाखवला आणि तो आठवून पुन्हा मांडायला सांगितला. निष्णात खेळाडूने पहिल्याच नजरेत सुमारे 16 मोहरी अचूक ठेवली, तर नवख्याने सुमारे चार. मग मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली, तेव्हा निष्णाताची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. याचा अर्थ त्याची स्मरणशक्ती जन्मतःच अफाट नव्हती. 'गोदावरी' हा शब्द आपण जसा अक्षरे न जुळवता एका नजरेत वाचतो, तसा तो किल्लेकोट (कॅसलिंग) केलेला राजा आणि त्याच्यापुढील प्यादी हा सारा पुंजका एकच घटक म्हणून पाहतो. असे सुमारे 50 हजार पुंजके उत्तम खेळाडूच्या स्मरणात साठलेले असावेत, असा सायमन यांचा अंदाज होता. नाशिकच्या विदित गुजराथीने 2023 साली बुद्धिबळाची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली, त्यामागे असा अनेक वर्षांचा साठा आहे. हे पुंजके ज्या रचनांचा सराव केला त्यांचेच बनतात, म्हणून आत शिरता येणे आणि बाहेर पडता न येणे ही विसंगती नाही. शिकलेल्या कौशल्याचे ते अगदी स्वाभाविक लक्षण आहे.

म्हणजे उपजत गुण काहीच नाहीत, असा निष्कर्ष काढणेही तितकेच घाईचे ठरेल. 2014 साली मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बुद्धिबळासारख्या खेळांत खेळाडूंमधील सुमारे 26 टक्के फरक हेतुपूर्वक केलेल्या सरावाशी निगडित दिसला, तर मैदानी व इतर क्रीडाप्रकारांत 18 टक्के. उरलेल्या भागात आनुवंशिकता येते, सुरुवातीचे वय येते आणि मोजमापातील चुकाही येतात. 'दहा हजार तास घासा, कोणीही विश्वविजेता होईल' हा प्रचारही म्हणूनच गर्भसंस्काराच्या दाव्याइतकाच पोकळ आहे.

लवकर सुरुवातीचे महत्त्वही सगळीकडे सारखे नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यानंतर, 2012 साली, विशीत पोहोचल्यावर नौकानयन शिकू लागला. 2016 साली तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळवले. वल्हवण्यात हजारो रचना ओळखायच्या नसतात. शरीराची ठेवण, फुफ्फुसांची ताकद आणि एकाच हालचालीची काटेकोर पुनरावृत्ती तिथे अधिक निर्णायक ठरते.