त्याच टेबलावर रोज: ऑफिसवरच्या कॉमिक स्ट्रिपचे संग्रह कुठून आले?

ऑफिसवरची कॉमिक स्ट्रिप म्हटले की बहुतेकांना 'डिलबर्ट' आठवतो. पण ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला रोजच्या तीन-चार चौकटींत बसवायचे आणि साठलेल्या पट्ट्यांचे पुस्तक काढायचे, ही रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. टाइपरायटर आले, हिशेब आणि पत्रव्यवहार वाढला, अमेरिकेतल्या शहरांत हजारो तरुण मुली स्टेनो-टायपिस्ट म्हणून नोकरीला लागल्या. त्यांच्यावर रस वेस्टओव्हर यांनी १९२१ साली 'टिली द टॉयलर' सुरू केली. टिली एका फॅशनच्या कंपनीत कामाला होती आणि सोबतचा मॅक तिच्यावर जीव टाकून होता. न्यूयॉर्कच्या कपल्स अँड लिऑन या प्रकाशकाने त्याच दशकात टिलीच्या पट्ट्यांची जाड पुठ्ठ्याची पुस्तके काढली. म्हणजे आज वर्तमानपत्रात वाचून रद्दीत टाकलेली गोष्ट उद्या विकत घेणारा वाचक तेव्हाही होता.

१९३० साली आलेल्या 'ब्लाँडी'तला डॅगवुड हा मूळचा श्रीमंत घरचा मुलगा. १९३३ मध्ये घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले म्हणून त्याला वारशातून बेदखल केले गेले आणि तो डिदर्स नावाच्या साहेबाच्या हाताखाली नोकरीला लागला. मंदीचा काळ होता. टेबलावर डोके टेकून झोपलेला नोकर आणि त्याच्यावर खेकसणारा मालक हे जोडपे तेव्हापासून वर्तमानपत्रांत पक्के झाले.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय आहे तो लंडनचा 'ब्रिस्टो'. फ्रँक डिकन्स यांची ही स्ट्रिप १९६२ पासून 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये येऊ लागली आणि २००१ पर्यंत चालली. ब्रिस्टो हा चेस्टर-पेरी नावाच्या अवाढव्य कंपनीच्या खरेदी विभागातला कारकून. तो खिडकीतून कबुतरे बघतो आणि मिसेस पर्डीच्या चहाची वाट पाहतो. त्या ऑफिसच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना म्हणजे १९६७ साली झालेला चहाच्या ट्रॉलीचा महाअपघात! वर्षानुवर्षे लोक त्या अपघाताबद्दल गंभीरपणे बोलत राहतात. ज्याने एकाच ऑफिसात दहा-पंधरा वर्षे काढली आहेत त्याला हे लगेच कळेल. प्रत्येक ऑफिसचे असे एक खासगी पुराण असते. बाहेरच्याला त्यात काही वाटत नाही, आतल्याला ते तोंडपाठ असते.

संग्रहाची गोडी नेमकी इथे आहे, असे माझे मत आहे. कादंबरीतल्या कारकुनाला शेवटी एकतर बढती घ्यावी लागते, नाहीतर राजीनामा द्यावा लागतो. स्ट्रिपमधल्या कारकुनाला उद्या त्याच टेबलावर हजर राहणे भाग आहे, कारण उद्याचा अंक निघायचा आहे. रोज एक पट्टी वाचताना हे जाणवत नाही. दोनेकशे पट्ट्या सलग वाचल्या की तीच मीटिंग आणि तोच साहेब पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि नोकरीत वर्षे कशी जातात ते दिसू लागते. दुसरा कुठला साहित्यप्रकार हे इतके नेमके दाखवू शकत असेल असे मला वाटत नाही.

जपानमध्येही हेच झाले. सातो सानपेई यांची 'फुजी सानतारो' ही चार चौकटींची स्ट्रिप १९६५ ते १९९१ 'असाही शिंबुन'मध्ये चालली. नायक सामान्य पगारदार. सातो स्वतः आधी दायमारू या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करत होते, त्यामुळे साहेबासमोर कमरेत किती वाकायचे याचे बारकावे त्यांना पाहून-ऐकून माहीत होते.

दरम्यान ऑफिसची जागाच बदलत होती. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी काम करणाऱ्या रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये 'ॲक्शन ऑफिस'ची दुसरी आवृत्ती आणली. हव्या तशा हलवता येतील अशा अर्ध्या उंचीच्या भिंती, रुंद कोन, कामाप्रमाणे बदलणारी मांडणी. हेतू कर्मचाऱ्याला मोकळीक देण्याचा होता. कंपन्यांनी त्यातल्या फक्त भिंती उचलल्या, कोन काटकोनात आणले आणि कमी जागेत जास्त माणसे बसवली. इमारतीपेक्षा फर्निचरची किंमत करहिशेबात लवकर वजा करता येई, तोही फायदा होता. पुढे प्रॉप्स्ट यांनीच या प्रकाराला वेडेपणा म्हटले.

अशाच एका अर्ध्या भिंतींच्या कप्प्यात, म्हणजे क्युबिकलमध्ये, 'डिलबर्ट'चे कर्ते स्कॉट ॲडम्स बसत होते. आधी सॅन फ्रान्सिस्कोत क्रॉकर नॅशनल बँक, मग १९८६ ते १९९५ पॅसिफिक बेल ही टेलिफोन कंपनी. पहाटे उठून चित्रे काढायची, मग कामावर जायचे. 'डिलबर्ट' १६ एप्रिल १९८९ रोजी सुरू झाला तेव्हा त्यात ऑफिस थोडेच होते. डिलबर्टचे घर आणि त्याचा कुत्रा डॉगबर्ट यांवरच भर होता. १९९३ मध्ये ॲडम्सनी चौकटींच्या मधल्या जागेत आपला ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली आणि वाचकांची पत्रे येऊ लागली. ऑफिसच्या पट्ट्या जास्त द्या, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत आपापल्या साहेबांचे किस्सेही ते पाठवू लागले. तेव्हापासून मजकुराचा मोठा पुरवठा वाचकांकडून होऊ लागला. हे आमच्याच ऑफिसात बसून लिहिले आहे, असे जगभरच्या लोकांना वाटायचे, त्यामागे हे साधे कारण होते.

त्याच सालची एक पट्टी फार गाजली. साहेब सांगतो, कर्मचारी ही आपली सर्वांत मौल्यवान संपत्ती आहे असे मी इतकी वर्षे म्हणत आलो, ते चुकीचे निघाले. पहिला क्रमांक पैशाचा, कर्मचारी नवव्या क्रमांकावर. मग आठव्यावर काय? कार्बन पेपर! तीन चौकटींत संपणारी ही पट्टी नोकरकपातीच्या त्या वर्षांत क्युबिकलच्या भिंतींवर चिकटवली जात होती. जानेवारी १९९६ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने सुमारे ४०,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी 'द डिलबर्ट प्रिन्सिपल' हे पुस्तक तुफान खपले आणि पट्ट्यांचे जुने-नवे संग्रहही त्याच्यासोबत दुकानांत पुढे आले.

१९९६ मध्येच स्ट्रिपमध्ये असोक आला. आयआयटीतून शिकलेला, विलक्षण हुशार, आणि तरी इंटर्न. हे नाव ॲडम्सनी आपल्या एका भारतीय सहकाऱ्यावरून घेतले होते. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून निघालेल्या कामाच्या, लाटेत मुंबई-पुण्याहून अमेरिकेला गेलेल्या पिढीला त्याची कोंडी कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परत येऊन हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात बसलेल्यांनाही नाही. स्ट्रिपचे पुस्तक घरात ठेवून वारंवार उघडण्याची सवय मराठी वाचकाला १९९१ पासून 'सकाळ'मधल्या 'चिंटू'ने लावलीच होती. ऑफिसच्या बाबतीत मात्र आपली भूक बरीचशी इंग्रजी संग्रहांवर भागली, याची मला खंत वाटते. मंत्रालयापासून पतपेढीपर्यंत केवढा ऐवज आपल्याकडे पडून आहे.

या लोकप्रियतेवर आक्षेपही घेतले गेले. १९९७ मध्ये अमेरिकन पत्रकार नॉर्मन सॉलोमन यांनी 'डिलबर्ट'वर टीका करणारे आख्खे पुस्तक लिहिले. झेरॉक्ससारख्या कंपन्या ही पात्रे कर्मचाऱ्यांसाठी वापरतात, ऑफिस डेपो जाहिरातींत वापरते, तर मग हा विरोध कसला, असा त्यांचा सवाल होता. हसून राग निवतो आणि पगाराचा, कपातीचा प्रश्न तसाच राहतो, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी एवढे म्हणेन की भिंतीवर पट्टी लावणारा माणूस निदान शेजारच्याला सांगत होता की हे तुलाही दिसते आहे ना. एकट्याने गप्प सोसण्यापेक्षा ते बरे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲडम्सनी आपल्या यूट्यूब कार्यक्रमात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दल उघड वंशद्वेषी विधाने केली. शेकडो वर्तमानपत्रांनी स्ट्रिप बंद केली आणि वितरण करणाऱ्या अँड्र्यूज मॅकमील युनिव्हर्सल या कंपनीने संबंध तोडले. तो निर्णय योग्यच होता. ॲडम्सनी मग पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी इंटरनेटवर स्ट्रिप पुन्हा सुरू केली, पण वर्तमानपत्रातला 'डिलबर्ट' तिथेच संपला. नव्वदच्या दशकातले संग्रह आता बहुधा जुन्या पुस्तकांच्या दुकानातच शोधावे लागतात. ज्यांनी तेव्हा आपल्या साहेबांचे किस्से लिहून पाठवले, त्यांची नावे त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कधीच नव्हती.