भजनातील वाद्यसाथ (ग्रामीण विदर्भ)

एकाने चरण सांगावा व मंडळींनी तो मागे धरावा, या रीतीच्या सामूहिक भक्तिगायनाला टाळ, मृदंग, पेटी वा खंजिरीची साथ देण्याची, किंवा ते निव्वळ कंठाने म्हणण्याची पद्धत. वऱ्हाडात व नागपूरकडे दोन्ही रूढ आहेत.

या प्रदेशातील जुन्या सामूहिक भक्तिगीतांत महानुभाव पंथातील कवयित्री महदाइसेचे धवळे (लग्नगीते) प्रमुख होत. रिद्धपूर (जि. अमरावती) येथे पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहलीलेच्या प्रसंगी ते गाइले गेले. त्यांचा काळ सामान्यतः 13व्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. ते वाद्यांसह गाइले जात की वाद्यांवाचून, हा प्रश्न धवळ्यांच्या कुळाशी निगडित आहे. देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर या संगीतग्रंथात धवल हा प्रबंधाचा (तालासुरात बांधलेल्या जुन्या गीतरचनेचा) प्रकार सांगून चरणसंख्येवरून त्याचे कीर्ती (4), विजय (6) व विक्रम (8) असे भेद केले आहेत. त्यामुळे महदाइसेच्या धवळ्यांनाही प्रबंधगायनात, म्हणजे तालवाद्यांच्या सोबतीने, बसवता येते. मात्र विषय कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा, वळण लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याचे आणि बांधणी ओवीला जवळची. जात्यावरच्या ओवीला वाद्य लागत नाही. धवळेही मुळात कंठावरच उभे असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पेटी पुष्कळ अलीकडची. हार्मोनियम युरोपातून 19व्या शतकात भारतात आला. एकतारीवर सांगणारा आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज (सा) लावून घेई. पेटीने पट्टी ठरावीक सुरांत बांधली.

खंजिरी मात्र गाणाऱ्याच्याच हातात असते, आणि तिचे खरे बळ यातच आहे. लाकडी कड्याला एका बाजूने चामडे मढवतात व कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवतात. पावसाळी हवेत चामडे सैल पडते. ते शेकून ताणावे लागते. दक्षिणेतील कंजिरा याच कुळातला. सांगणारा स्वतःच ठेका धरत असल्याने शब्दाच्या जोरासरशी लय चढवता-उतरवता येते. वेगळ्या वादकाकडे पाहावे लागत नाही. यावली (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (1909–68) खंजिरी भजन गावोगाव नेले. त्यांनी 1935 मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापला. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत शब्द सर्वांच्या तोंडी असतात. पेटी-तबला नसला तरी ओळीने बसलेला गाव ती एका लयीत म्हणतो.

गाडगे महाराजांच्या (1876–1956) कीर्तनातही ‘गोपाला गोपाला’ हा गजर श्रोतेच उचलत.